अर्ध्या एचपीचा पाण्याचा पंप : मोटार दणकट, सीलची मात्र धास्ती

वॉरंटी असूनही पंपाच्या दुरुस्तीचे पूर्ण पैसे मोजावे लागले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. गोरेगावातील आमच्या एकमजली घरात, जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवण्यासाठी २०२४ च्या आरंभी हा सेल्फ-प्रायमिंग मोनोब्लॉक, म्हणजे स्वतःच पाणी ओढून घेणारा आणि मोटारीसह एकसंध असलेला पंप घेतला. सुरुवातीला तो पाणी फार उशिरा उचलत असे आणि त्यामुळे मी नाराज होतो. परंतु फूट व्हॉल्व्हमध्ये (खालच्या टाकीतील पाइपाच्या टोकाच्या झडपेत) अडकलेला कचरा काढल्यापासून ती तक्रार उरली नाही. विजेचा वापर आणि आवाज या दोन्ही बाबतींत पंप समाधानकारक आहे.

खरा प्रश्न मेकॅनिकल सीलचा, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती (शाफ्टभोवती) पाणी गळू न देणाऱ्या भागाचा आहे. त्या जूनमध्ये महापालिकेने १० टक्के पाणीकपात लागू केली, खालची टाकी अर्धीही भरेना आणि पंप काही वेळा कोरडाच फिरला. सीलमधील कार्बन आणि सिरॅमिकच्या चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. त्यांना थंड ठेवतो तो पाण्याचा पातळ थर, आणि तोच नसला की त्या तापून तडकतात. काही दिवसांतच पंप आणि मोटार यांच्या मधल्या जागेतून थेंब गळू लागले. ही गळती क्षुल्लक समजू नये, कारण हेच पाणी शाफ्टवरून बेअरिंगपर्यंत पोहोचते आणि मग खर्च कित्येक पटींनी वाढतो.

सर्व्हिस सेंटरच्या माणसाने पंप न उघडताच मोटार रिवाइंड करावी लागेल, म्हणजे तिच्यातील तारांची गुंडाळी नव्याने करावी लागेल, असे सांगितले, आणि पंप कोरडा चालला असल्याने वॉरंटी लागू होत नाही, हेही वर ऐकवले. मोटार व्यवस्थित फिरत असताना, काही शे रुपयांच्या सीलपायी रिवाइंडिंगचे हजारो रुपये का मोजावेत? मी ठाम नकार दिला आणि ओळखीच्या मेकॅनिककडून सील व गंजू लागलेले बेअरिंग एवढेच बदलून घेतले. तेव्हापासून गळती पूर्ण थांबली आहे आणि मोटारीबद्दल माझे मत आधीपेक्षा कितीतरी चांगले झाले आहे.

पंप न फिरता नुसताच गुणगुणत असेल, तर प्रथम वीज बंद करावी आणि मोटारीमागच्या पंख्याच्या बाजूने शाफ्ट हाताने फिरतो का ते पाहावे. सहज फिरला तर बहुधा मोटारीला सुरू होण्यास मदत करणारा कपॅसिटर गेलेला असतो. अडकला तर बहुधा इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र) जाम झालेला असतो.

वरच्या टाकीतील फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारे बटण) फक्त पाणी वाहून जाणे थांबवतो, पंप कोरडा पडण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी खालच्या टाकीतही वेगळा फ्लोट स्विच बसवावा लागतो, आणि तो आम्ही आता बसवला आहे. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या शहरात पंप विकताना हे संरक्षण कंपनीने सोबतच द्यायला हवे. ते न देता कोरड्या चालण्याचे कारण पुढे करून वॉरंटी नाकारणे मला मुळीच मान्य नाही.