मुतखड्याची शस्त्रक्रिया: सी-आर्म की सोनोग्राफी?

पीसीएनएल या मुतखडा काढण्याच्या शस्त्रक्रियेत पाठीतून सुई घालून मूत्रपिंडात वाट करतात. सी-आर्म म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच एक्स-रे दाखवणारं यंत्र; त्यावर सुई, तार, बहुतेक खडे स्पष्ट दिसतात. अनेक सर्जनांचा हात त्यावरच बसलेला. पण रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरण शेजारच्या डॉक्टर-नर्सवर पडतात, तेही वर्षानुवर्षं. भारतात त्यांच्यासाठी किरणांची मर्यादा आहे ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक). शिशाचा एप्रन अंगावर असतो, शिशाचा चष्मा मात्र अनेकदा खुंटीवरच!

सोनोग्राफीत हे किरणच नाहीत, शिवाय वाटेतलं आतडंही दिसतं. लहान मुलांसाठी मी आधी तिचीच चौकशी करेन. मूत्रपिंड फुगलेलं नसेल किंवा रुग्ण स्थूल असेल तर मात्र चित्र धूसर होतं. म्हणून काही जण सुई सोनोग्राफीवर घालतात आणि पुढचं सी-आर्मवर थोडक्यात उरकतात.