जुन्या एमजीबीचा सगळा रंग उतरवून नव्याने रंगवून घेतली, वर्कशॉपचा खरा अनुभव (५ पैकी ४)

आधीच सांगतो, वर्कशॉपचं नाव लिहिणार नाही. कौतुक आहे तशा तक्रारीपण आहेत आणि माणसं एकंदर चांगली आहेत. ज्यांच्याकडे जुनी स्पोर्ट्स कार आहे आणि 'एकदा मस्त रंग मारून घेऊ' असं मनात घोळतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मलापण तेव्हा असंच वाटलं होतं की रंग म्हणजे रंग, दोन महिन्यांचं काम.

गाडी १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली. मी घेतली तेव्हा लाल होती, लांबून बघितली तर एकदम झकास आणि जवळ गेलं की दाराच्या खाली फुगे. या गाड्यांचं हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, त्यात फॅक्टरीतून कुठल्या रंगात बाहेर पडली ते लिहिलेलं असतं. माझ्या गाडीचं आलं तर त्यात लाल नाहीच, मिनरल ब्लू! डॅशच्या मागे टॉर्च मारून बघितलं तर खरंच कोपऱ्यात निळा रंग जसाच्या तसा. घरात आठवडाभर वाद, कारण सगळ्यांना लालच हवी होती. मी म्हटलं गाडी माझी, निळी करणार.

पहिल्यांदा एका दुसऱ्याच ठिकाणी विचारलं होतं. तिथला माणूस म्हणाला सगळं सुटं करून अख्खी बॉडी आणि सगळे पार्ट कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून काढू, दोन दिवसात कोरा पत्रा. मी विचारलं, बॉनेटपण? हो म्हणाला, सगळंच. आता १९६६ च्या एमजीबीचं बॉनेट स्टीलचं नसतं, अॅल्युमिनियमचं असतं, नंतरच्या गाड्यांना स्टीलचं आलं. कॉस्टिकमधे अॅल्युमिनियम टाकलं तर ते फसफसून विरघळायला लागतं, बॉनेटची जाळी परत आली असती हातात. चुंबक लावून बघायचं एवढंपण त्याला सुचलं नाही. तिथून सरळ बाहेर. शिवाय बुडवून काढण्यात अजून एक भीती असते, दुमडलेल्या सांध्यात केमिकल अडकून राहतं आणि नवा रंग मारल्यावर काही महिन्यांनी तिथूनच पाझरून रंग उचलतो. नीट धुऊन, न्यूट्रल करून, नंतर ई-कोट (विजेच्या मदतीने सगळ्या कोपऱ्यांत बसवलेला प्रायमर) करणारे लोक असतात, त्यांचं काम चांगलं असेलही, पण हा तसा वाटला नाही.

मग हे वर्कशॉप. मालक स्वतः आला, हातात पेंटची जाडी मोजायचं मीटर. साधारण फॅक्टरीचा रंग १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, थोडं इकडे तिकडे. माझ्या दारावर ४०० च्या वर आला, मागच्या विंगवर (चाकावरचा बाहेरचा पत्रा) एका जागी मीटरने हात वर केले, म्हणजे खाली नुसती पुट्टी. बॉनेटवर काहीच दाखवेना तर मी घाबरलो, तो हसला आणि म्हणाला, "साहेब, हे मीटर लोखंडावरच चालतं, बॉनेट अॅल्युमिनियमचं आहे ना." तिथेच मी ठरवलं की गाडी इथेच द्यायची.

रंग काढण्याची पद्धत त्याने मला उभं करून समजावली. खालचं चॅसीसारखं काम, व्हील आर्च, बॅटरीचे डबे (या गाडीत सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि ते डबे हमखास सडतात) तिथे ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूचा मारा. पण दारं, विंग, बूट (मागची डिकी) यांसारख्या मोठ्या सपाट पत्र्यावर ब्लास्टिंग अजिबात नाही. वाळूचा मारा पत्र्याच्या एकाच बाजूला ठोकून ती बाजू ताणतो आणि पत्रा लाटेसारखा होतो, मग कितीही पुट्टी लावा सरळ दिसत नाही. तिथे पेंट रिमूव्हर आणि हाताने घासणं. बॉनेटला तर फक्त रिमूव्हर आणि प्लॅस्टिकची पट्टी. मला सोडा ब्लास्टिंगबद्दल (वाळूऐवजी खाण्याच्या सोड्याचा मारा) विचारायचं होतं कारण ते सौम्य असतं असं ऐकलं होतं, तर तो म्हणाला सौम्य आहे खरं पण सोड्याची पावडर सांध्यात राहिली तर प्रायमर धरत नाही, आणि सोडा गंज काढतपण नाही, तुमच्या गाडीला गंजच जास्त आहे. पटलं.

गंज. इथे बजेटचा बाजार उठला.

लाल रंगाखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली निळा, आणि काही ठिकाणी निळ्याखाली पत्राच नाही. दाराखालचा सिल बाहेरून छान दिसत होता, तो काढला तर कळलं की सडलेल्या सिलवर कोणीतरी नुसतं नवं आवरण चढवून वेल्ड मारलंय. आतला सिल, मधला उभा पत्रा, खालचा पट्टा, सगळ्याचा भुगा. एमजीबीला वेगळी चॅसी नसते, बॉडीच सगळा भार घेते आणि वर छप्परपण नाही, म्हणजे सिल हाच गाडीचा कणा. मला मोबाईलवर फोटो आला, खाली फक्त एक ओळ, "साहेब एकदा येऊन बघा". गेलो. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार.

त्यांचं सगळ्यात चांगलं काम हे सिलचं. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे पाईप वेल्ड करून बॉडी बांधली, कारण रोडस्टरचा सिल असाच कापला तर मधे बॉडी झुकते आणि मग दार कधीच नीट बसत नाही. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी. आणि प्रत्येक टप्प्याला दार लावून फट बघायची. प्रायमर मारायच्या आधी सगळे पॅनल गाडीवर चढवले, गाडी चाकांवर उभी केली, दारं, बॉनेट, बूट सगळ्याच्या फटी जुळवल्या, मग परत सगळं सुटं केलं. बरेच जण हे रंगानंतर करतात आणि मग नव्या रंगावर हातोडा चालतो. यासाठी त्यांना पूर्ण मार्क.

कोरा पत्रा फार वेळ उघडा ठेवता येत नाही, दमट हवेत काही तासात त्यावर पिवळसर गंजाची झाक येते. यांनी रोज जेवढं कोरं केलं तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला, पुट्टी त्याच्यावर. मला आधी वाटायचं पुट्टी सरळ पत्र्यावर लावतात, लावतातही, पण इपॉक्सीवर लावली तर खाली ओल पोचत नाही. जुन्या सांध्यांवर फॅक्टरीने शिसं भरलेलं होतं, ते मशीनने घासलं नाही, धूळ फुफ्फुसात जाते म्हणून. पेंटर दादा रंग मारताना बाहेरून हवा येणारा मास्क घालूनच आत जायचे, टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगातलं आयसोसायनेट दम्याचा आजार लावू शकतं. ज्या ठिकाणी पेंटर नाकाला रुमाल बांधून काम करताना दिसेल तिथे मी तरी गाडी देणार नाही, स्वतःच्या फुफ्फुसाची काळजी न घेणारा माझ्या गाडीची काय घेणार.

आता घासणं. या कामाचा नव्वद टक्के वेळ घासण्यात जातो आणि कोणी त्याचे फोटो टाकत नाही. हाय-बिल्ड (जाड थराचा) प्रायमर, त्यावर काळी पावडर, लांब ब्लॉकला पेपर लावून तिरपं तिरपं घासायचं, जिथे काळं राहिलं तिथे खड्डा. परत प्रायमर. असं तीनदा. मी एकदा शहाणपणा करून अर्धा तास बूटच्या झाकणावर ब्लॉक चालवला, दुसऱ्या दिवशी खांदा वर होईना आणि दादांनी मी घासलेलं सगळं परत घासलं (मला सांगितलं नाही, पोराकडून कळलं).

रंगावरून आमचं थोडं वाजलं. मालकाला बेसकोट (रंगाचा थर) आणि वर क्लिअर (पारदर्शक थर) मारायचा होता, दुरुस्तीला सोपं म्हणून. मिनरल ब्लू मेटॅलिक नाही, साधा सॉलिड रंग, आणि १९६६ च्या गाडीवर क्लिअरची काचेसारखी चमक मला खोटी वाटते. मी सिंगल स्टेजवर, म्हणजे क्लिअरशिवायच्या एकाच रंगावर, अडून बसलो. शेवटी त्यांनी दोन पत्र्याचे तुकडे दोन्ही पद्धतीने मारून दाखवले आणि ते बाहेर उन्हात, सावलीत, ट्यूबलाईटखाली नेऊन बघितले. मिनरल ब्लूचा कोड बीयू ९ सांगून दुकानातून आलेला रंग आणि डॅशमागचा जुना रंग ट्यूबखाली एकसारखा, उन्हात मात्र नवा रंग हिरवट. दोनदा परत मिसळून आणला. या कामाला इतर कुणी इतका वेळ दिला असता असं वाटत नाही.

मग तक्रारी काय? चार महिने सांगितले, अकरा लागले. सिलचे तीन महिने मी सोडून देतो, बाकी उशीर मधे दुसऱ्या गाड्या घुसवल्यामुळे. फोन केला की 'या आठवड्यात बूथमधे (रंग मारायच्या बंद खोलीत) घेतो', असे किती आठवडे गेले. एक मात्र खरं, प्रायमर नुसता पडून राहिला त्याचा फायदाच झाला, प्रायमर आणि पुट्टी आकसायची ती रंगाच्या आधीच आकसली. बूटच्या झाकणाला घाईने शेवटी केलं आणि तिथेच दोन महिन्यांनी घासल्याचे ओरखडे वर उमटले. त्यांनी काही न बोलता झाकण परत नेलं आणि फुकट रंगवून दिलं, वाद घालायची वेळच आली नाही.

खरं दुखणं परत जोडणीचं. रंग करणारी माणसं आणि जोडणारी पोरं यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. या गाडीचे बोल्ट यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्याचे, रंगाने आटे भरले होते, त्यात टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करायचे सोडून एका पोराने मेट्रिक बोल्ट दाबून बसवला, पुढच्या विंगचा एक नट गेला. बाजूच्या क्रोम पट्टीच्या दोन क्लिपा हरवल्या. आणि गाडी घरी आणली तर मागचे दिवे मिणमिणे, इंडिकेटर दिला की ब्रेक लाईट लुकलुकतो. मी वायरिंग बदलायच्या तयारीत होतो, नंतर कळलं अर्थिंग जिथून बॉडीला मिळतं तिथे सुंदर निळा रंग मारलाय. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा कोरी केली, दिवे झगझगीत. दहा मिनिटांचं काम होतं आणि माझा शनिवार-रविवार गेला.

म्हणून, देणार असाल तर सुटं करायचं काम स्वतः करा. प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, प्रत्येक गोष्टीचा फोटो. मी अर्ध्याच गोष्टींचं केलं आणि जे हरवलं ते दुसऱ्या अर्ध्यातलं. रंगाचं आणि जोडणीचं बिल वेगळं मागा आणि जमत असेल तर जोडणी घरी करा. आणि सिलच्या आत कॅव्हिटी वॅक्स (आतून गंज रोखणारं मेण) मारलंय का ते विचारा, माझ्यात मारलं होतं, पण पाणी जायची भोकं वॅक्सने बुजवून टाकली होती, ती मी तार घालून मोकळी केली.

पाचपैकी चार. एक स्टार जोडणीचा आणि फोन न उचलण्याचा कापला.

हो, एक राहिलंच. मी सांगितलं होतं की विंगवरचं जुन्या अँटेनाचं भोक वेल्ड करून बुजवा. त्यांनी ते बुजवलं, इतकं सफाईने की बोट फिरवून कळत नाही. त्याच सफाईने बूटवरच्या बॅजची भोकंपण बुजवली. बॅज ड्रॉवरमधे पडलाय, आणि त्या झाकणाला ड्रिल लावायचं धाडस अजून माझ्याच्याने होत नाहीये.