मुलीच्या गुडघ्यासाठी आयुर्वेद केंद्र: शेक घेतला, पुड्या परत केल्या

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील या आयुर्वेद केंद्रात गेल्या पावसाळ्यात आम्ही दर शनिवारी, असे सात आठवडे जात होतो. रुग्ण माझी नऊ वर्षांची मुलगी. तिला बालसंधिवात आहे, म्हणजे सोळा वर्षांच्या आत सुरू होणारा, सहा आठवडे किंवा त्याहून अधिक टिकणारा आणि ज्याचे दुसरे कारण सापडत नाही असा सांध्यांचा दाह. डॉक्टर त्याला जेआयए म्हणतात. तिचा उजवा गुडघा आणि डावा घोटा सुजतो, आणि सकाळी जिना उतरताना ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी उतरते. तिचे मुख्य उपचार रुग्णालयातच चालू होते आणि आहेत: आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी, जिचा रविवार आम्ही दिनदर्शिकेवर लाल शाईने कोरून ठेवला आहे, त्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड, ठरलेल्या अंतराने रक्ततपासणी आणि रोजचे व्यायाम.

मग आयुर्वेद केंद्रात कशाला गेलो, असे कोणी विचारील. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना हा प्रश्न पडणार नाही. लहान मुलांना कुठे संधिवात असतो, असे म्हणणारा प्रत्येक नातेवाईक जाता जाता एक तेल, एक लेप किंवा एखादे गांवठी वखद सुचवून जातो, आणि रात्री दोनला मूल पाय धरून रडू लागले की त्यातले काहीतरी आपण करून पाहतोच. आमच्याकडे सासूबाई तिला चार महिने गुळवेलीचा काढा देत होत्या. रुग्णालयात कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

या केंद्रातील वैद्यांनी नाडीला हात लावण्याआधी रुग्णालयाची फाईल मागितली, रक्ताचे अहवाल तारखेच्या क्रमाने लावले आणि म्हणाले, "घरी काय काय देता ते सगळे सांगा. काढा, तेल, भस्म, काहीही असो." काढ्याचे नाव निघताच त्यांनी शेवटच्या अहवालातल्या एसजीपीटीच्या, म्हणजे यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणाऱ्या घटकाच्या, आकड्यावर बोट ठेवले. तो वाढलेला होता. मेथोट्रेक्सेटचा ताण यकृतावर पडू शकतो हे आम्हाला माहीत होते. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती आणि आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला होता, हे मात्र त्या दिवशी कळले. वैद्यांनी काढा थांबवायला सांगितला आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. तिथे गोळीचा एक आठवडा वगळला गेला आणि पुढच्या तपासणीत आकडा उतरला. काढा थांबल्याने की गोळी वगळल्याने, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. वैद्यांचा दुसरा प्रश्न होता, "डोळे शेवटचे कधी तपासले?" या आजारात डोळा लाल न होता आणि न दुखता आतून सुजू शकतो, आणि ते नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्पखालीच, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून आतले मोठे करून दाखवणाऱ्या यंत्रातच, दिसते. आमची तपासणी दोन महिने लांबली होती. आयुर्वेदाच्या वैद्यांनी आम्हाला नेत्रतज्ज्ञाकडे पिटाळले, आणि माझा विश्वास बसला तो तेव्हा.

आता प्रत्यक्ष उपचारांविषयी. मी तेलाच्या मालिशाची अपेक्षा घेऊन गेले होते. त्यांनी साफ नकार दिला: आमवातात, म्हणजे आयुर्वेद अशा सांध्यांच्या दाहाला जे नाव देतो त्यात, सांधा सुजलेला आणि गरम असताना तेल चोळायचे नाही, कोरडा शेक द्यायचा. उपचार करणाऱ्या बाई लोखंडी कढईत वाळू तापवत, जाड सुती कापडात तिची पोटली बांधत, ती आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, मग माझ्या मनगटाला आणि शेवटी मुलीच्या पोटरीला टेकवत, आणि ती "चालेल" म्हणाल्यावरच गुडघ्याकडे वळत. ही मिरामारची वाळू का, असे मुलीने विचारल्यावर त्या इतक्या हसल्या की पोटली निवली. शेकानंतर दोनएक तास तिचा पाय मोकळा वाटे आणि त्या रात्री झोप बरी लागे. सूज मात्र तसूभरही हलली नाही. वैद्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की शेकाने दुखणे हलके होईल, आजार नाही. तेवढेच झाले, आणि तेवढ्यासाठी एका बैठकीचे तीनशे रुपये मला जड वाटले नाहीत.

तक्रार आहे ती औषधांच्या खिडकीविषयी. तिसऱ्या शनिवारी तिथल्या माणसाने राखाडी चूर्णाच्या तीस पुड्या हातात ठेवल्या. ना नाव, ना घटक, ना तारीख. विचारले तर "आमचा घरचा पाठ आहे", म्हणजे घरची कृती, एवढेच उत्तर, आणि वर, "हे सुरू केल्यावर इंग्लिश गोळ्या हळूहळू बंद करा." वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी बनवलेल्या औषधाला उत्पादन-परवान्यातून सूट असते, हे मान्य. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदिक औषधांपैकी चौदांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते, आणि सांधेदुखीच्या निनावी चूर्णांत स्टेरॉईड मिसळलेले आढळण्याचे प्रकारही नवे नाहीत. वाढत्या वयाच्या मुलीच्या पोटात काय जाते हे आईला कळू नये, हे मला पटणारे नाही. वैद्यांना सांगितल्यावर त्यांनी त्या माणसाला आमच्यासमोर बोलावून समज दिली आणि पुड्या परत घेतल्या, पण पैसे रोख न देता पुढच्या शेकात वळते केले. खिडकीवर माणूस अजून तोच आहे.

जागेबद्दल थोडक्यात: स्वच्छ, पण बाकाला पाठ नाही, आणि दाराशी तीन उंच पायऱ्या असून कठडा नाही, तेही जिथे येणारे निम्मे लोक गुडघे धरून येतात. डिसेंबर २०२२ पासून पेडणे तालुक्यातल्या धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे, पण फोंड्याहून पेडणे गाठायचे म्हणजे मुलीची शाळा बुडते, म्हणून आम्ही हे जवळचे केंद्र धरले. त्या बाईंनी मला पोटली बांधायला शिकवल्यामुळे शेक आता घरीच होतो, आणि रुग्णालयाच्या फाईलमध्ये त्याचीही नोंद आहे. पायऱ्यांना कठडा बसला आणि पुड्यांवर घटकांची नावे आली, तर येत्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा येऊ.