नारिता एअरपोर्टवरची काळ्या मांजराची बॅग सर्व्हिस, आई-बाबांना घेऊन गेली तेव्हा वापरली

नोव्हेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन जपानला जाऊन आली, तेव्हापासून ओळखीतले सगळे विचारून राहिले की कसं वाटलं, अन् मी दरवेळी सुरुवात बॅगांपासूनच करते. लोकांना वाटते ही आता बुलेट ट्रेनचं सांगेल, फुजी पर्वताचं सांगेल. पण रात्रभर विमानात बसून, पाय सुजलेले, डोळे जड, अन् सोबत दोन म्हातारी माणसं, अशा अवस्थेत परक्या देशात उतरल्यावर पहिल्या तासाभरात जे होते ना तेच डोक्यात पक्कं बसते. आमचा तो पहिला तास नारिताला यामातो कंपनीच्या काउंटरवर गेला. म्हणून हा रिव्ह्यू त्या सर्व्हिसचा, त्यांचं नाव ताक्क्युबिन. तुम्ही तुमच्या बॅगा एअरपोर्टवर द्यायच्या, त्या थेट तुमच्या हॉटेलवर पोचतात, अगदी दुसऱ्या शहरातल्या हॉटेलवरसुद्धा.

आधी आमचं सांगते म्हणजे कळेल की हे एवढं मनाला का लागलं. आम्ही नागपूरच्या इंदोऱ्याचे. बाबा 69 वर्षांचे, डावा गुडघा दहा वर्षांपासून दुखतो. जपान पाहायचं त्यांच्या मनात कधीपासूनचं होतं, अन् नागपूरच्या माणसाला त्याचं कारण विचारायची गरजच नाही. बौद्ध भिक्खू भदंत सुरेई ससाई जपानमधून आले अन् इथलेच होऊन गेले, बाबांनी त्यांना तरुणपणापासून इंदोऱ्याच्या विहारात पाहिलेलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार 1999 मध्ये झालं तेही जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं, मी शाळेत होती तेव्हापासून पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथं घेऊन जायचो. तर बाबा नेहमी म्हणायचे की एकदा त्या लोकांचा देश पाहायचा आहे. यावर्षी मी ठरवलं की आता गुडघा आणखी बिघडायच्या आत न्यायचंच.

बॅगा दोन, 28 इंची, प्रत्येकी 22 किलो. एवढं काय भरलं म्हणाल तर आईचं भरणं. जवसाची चटणी, तिखट, शेवया, चिवडा, अन् लिंबाचं लोणचं तेही काचेच्या बरणीत, प्लास्टिकच्या डब्यात त्याची चव जाते म्हणे. मावशीनं काटोलहून आंबिया बहाराची संत्री आणून दिली होती, ती मात्र घरीच ठेवावी लागली. आपल्याकडची ताजी फळं क्वारंटाइनच्या सर्टिफिकेटशिवाय जपानमध्ये नेताच येत नाहीत, मांसाचे पदार्थही चालत नाहीत, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. मावशी थोडी नाराज झाली. एका बॅगेच्या चेनचं हुक तुटलेलं होतं, आईनं तिथं लाल लोकरीचा दोरा बांधून दिला, बेल्टवर ओळखायलाही बरा म्हणून.

घरून दुपारी निघालो. सोनेगावच्या एअरपोर्टवर आत शिरायच्या आधी बाबा बोर्डावरच्या बाबासाहेबांच्या नावाकडे पाहून हात जोडून उभे राहिले, मग आत. आपल्याच देशातल्या एका मोठ्या एअरपोर्टवर विमान बदललं, अन् तिथं बुक केलेली व्हीलचेअर पाऊण तास आलीच नाही. आली तर ढकलणाऱ्या पोरानं अर्ध्या रस्त्यात बाबांना एका खांबाजवळ सोडलं अन् दुसऱ्या माणसाला आणायला गेला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला, आपण कोणावर तरी ओझं झालो असं त्यांना वाटून राहिलं होतं, अन् ते मला फार लागलं. मग आठ तासांची फ्लाईट. आई झोपली, बाबा नाही झोपले, दर तासाला उठून सीटांमधल्या वाटेत दोन फेऱ्या मारायचे, गुडघा आखडतो म्हणून.

नारिताला उतरलो तेव्हा तिथं सकाळ होती, घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. पहिलं काय जाणवलं तर शांतता, एवढी माणसं चालून राहिली पण आवाज फक्त बॅगांच्या चाकांचा. इमिग्रेशनला बोटांचे ठसे, फोटो, मोबाईलवर आधीच भरून ठेवलेला क्यूआर कोड दाखवला अन् झालं. बेल्टवर गेलो तर एक बाई पांढरे हातमोजे घालून प्रत्येक बॅगेचं हँडल बाहेरच्या बाजूला वळवून ठेवत होती, म्हणजे उचलणाऱ्याला सोपं. बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. मी बॅगा ट्रॉलीवर टाकल्या अन् तेव्हाच माझ्या खांद्यातून कळ आली की आता हे सगळं घेऊन ट्रेन, मग स्टेशन, मग जिने, मग दोन दिवसांनी परत हेच सगळं घेऊन क्योटो.

कस्टम्समधून बाहेर पडलं की अरायव्हल लॉबीतच त्यांचं काउंटर दिसते, पिवळ्यावर काळी मांजर, तोंडात पिल्लू धरून चाललेली. हे चिन्ह लक्षात ठेवा, जपानभर दिसते. आई मांजर पिल्लाला जसं दात न लावता उचलते तसं सामान उचलायचं असा त्याचा अर्थ.

काउंटरवर चाळिशीतला माणूस होता. इंग्लिश मोजकंच, पण समोर इंग्लिशमधला तक्ता ठेवलेला, त्यावर बोट ठेवून विचारायचा. हॉटेलचं नाव, बुकिंग कोणाच्या नावावर, चेक-इनची तारीख. मी क्योटोच्या हॉटेलचा पत्ता जपानीमध्ये मोबाईलवर सेव्ह करून नेला होता, तो पाहून त्यानं स्वतःच फॉर्म भरला. मग टेपनं बॅग मोजली, लांबी-रुंदी-उंची तिन्हींची बेरीज करतात अन् त्या साईजवर अन् अंतरावर रेट ठरतो. आत फुटण्यासारखं काही आहे का असं त्यानं विचारलं तर आई मराठीतच बोलली, "हो बाप्पा, लोणच्याची बरणी हाये त्याच्यात, ते फुटून जाईन ना," अन् दोन्ही हातांनी बरणीचा आकार करून दाखवला. त्याला कळलं. नाजूक सामानाचं स्टिकर काढलं, आईला दाखवलं, बॅगेवर कुठं लावू असं तिलाच हातानं विचारलं, अन् आईनं दाखवलेल्या जागी लावलं. मग तो लाल दोरा त्याला दिसला. त्यानं तो चिमटीत धरला, आईकडे पाहिलं, राहू देऊ का असं मानेनं विचारलं. आई हो म्हणाली. त्यानं दोऱ्याची लोंबणारी टोकं चेनच्या फटीत नीट आत सरकवली, कुठं अडकून तुटू नये म्हणून, अन् मगच वरून प्लास्टिकचं कव्हर चढवलं.

अन् कव्हर चढवून झाल्यावर बाबा मला म्हणतात, "माह्या गोळ्या कुठी हायेत वं?"

बीपीच्या गोळ्या त्याच बॅगेत, अगदी तळाशी. ती बॅग आम्हाला तिसऱ्या दिवशी क्योटोमध्ये मिळणार होती. मागं सहा-सात लोक रांगेत उभे. मी त्या माणसाला कसंबसं "मेडिसिन, फादर" एवढंच म्हणू शकली. त्यानं कव्हर काढलं, बॅग बाजूच्या बाकावर स्वतः नेऊन ठेवली अन् पाठ फिरवून उभा राहिला, आमचे कपडे-बिपडे दिसू नये म्हणून. हे मी आयुष्यात विसरणार नाही. गोळ्या सापडल्या, मी बॅग बंद केली, त्यानं ती परत उचलली, पुन्हा कव्हर, पुन्हा स्टिकर सरळ केलं. कपाळावर आठी नाही, सुस्कारा नाही. पैसे छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे, सुटे पैसे अन् पावती त्यानं दोन्ही हातांनी दिली अन् बाबांकडे पाहून कमरेतून वाकला. बाबांनी हात जोडले. ज्या माणसाला आदल्या संध्याकाळी खांबाजवळ सोडून गेले होते त्याला कोणीतरी असं वाकून नमस्कार करून राहिलं होतं, मला तिथंच भरून आलं.

पैशाचं सांगते. दोन मोठ्या बॅगा नारिताहून क्योटोला, दोन्हीचे मिळून साधारण सहा हजार येन गेले, म्हणजे आपले साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. आधी मलाही जास्त वाटले होते. पण तोकायदो शिंकान्सेनमध्ये, म्हणजे टोकियोहून क्योटोला जाणाऱ्या बुलेट ट्रेनमध्ये, 2020 पासून नियम आहे की बॅगेच्या तिन्ही बाजूंची बेरीज 160 सेंमीच्या वर गेली तर मोठं सामान ठेवायची जागा असलेली सीट आधीच बुक करावी लागते, 28 इंची बॅग त्या आकड्याला टेकलेलीच असते, चाकं अन् हँडल धरून मोजली तर बाहेरच जाते. अन् स्टेशनवरच्या लिफ्ट असतात पण शोधत शोधत प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला जावं लागते. त्यात दुखरा गुडघा. साडेतीन हजार एकदम वसूल.

रिकाम्या हातानं आम्ही स्कायलायनर ट्रेनमध्ये बसलो, ती 160 च्या स्पीडनं जाते अन् पाऊण तासात टोकियोतल्या युएनोला पोचवते. खिडकीतून भातकापणी झालेली शेतं, बांबूची बनं, कौलारू घरं, बाबा लहान मुलासारखे काचेला नाक लावून. हॉटेलची खोली दुपारी तीननंतर मिळणार होती तर आम्ही गल्लीतून चालत राहिलो, बॅगा असत्या तर हे शक्यच नव्हतं. तिथं एका भाजीवाल्याकडे जाळीच्या पिशवीत संत्री दिसली, मिकान म्हणतात. बाबांनी एक हातात घेऊन अंगठ्यानं साल दाबून पाहिली, आपल्या संत्र्यासारखीच ढिली साल, अलगद सुटते. पिशवी घेतली, तिथल्याच एका बागेत बाकावर बसून तिघांनी खाल्ली. बी नाही अन् आंबटपणा कमी. आई म्हणे, "गोड हाये, पण आपल्या काटोलचा वास नाही याले." बाबा काही न बोलता चार खाऊन बसले. जपानमध्ये आमच्या पोटात गेलेलं पहिलं अन्न हे.

दुसऱ्या दिवशी कामाकुराला गेलो. एनोदेन नावाची छोटी ट्रेन, तिसरं स्टेशन हासे, तिथून पायी. तेराव्या शतकातला ब्राँझचा बुद्ध, अकरा मीटरच्या वर उंच, उघड्या आकाशाखाली बसलेला, अंगावर हिरवट झाक. बाबा समोर वीस मिनिटं उभे होते. व्हीलचेअर नाही, काठी नाही. आदल्या दिवशी बॅगा ओढण्यात, जिने चढण्यात जो गुडघा गेला असता तो वाचला म्हणून हे झालं असं मी तरी मानते.

इकडे पावतीवर बारा आकडी नंबर होता, तो वेबसाईटवर टाकला की बॅगा कुठं आहेत ते दिसते. तशी काळजी नव्हती पण आई दर दोन तासांनी विचारायची, "पाहून घे ना वं एकडाव." नंतर मी यांच्याबद्दल वाचलं तर ही घरपोच सर्व्हिस सुरू झाली 20 जानेवारी 1976 ला, अन् पहिल्या दिवशी आली किती पार्सलं तर फक्त 11. आता तिथले लोक गोल्फच्या काठ्यांपासून फळांच्या पेट्यांपर्यंत सगळं याच्यानं पाठवतात.

कोणी वापरणार असेल तर काही गोष्टी नक्की करा. औषधं, पासपोर्ट, चार्जर, दोन दिवसांचे कपडे छोट्या बॅगेत वेगळे काढूनच काउंटरवर जा, त्याच दिवशी बॅग मिळेल असं धरू नका, टोकियोतल्या हॉटेललासुद्धा सहसा दुसरा दिवस धरावा लागतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या महिनाभरापुरत्या नेता येतात, चिठ्ठी सोबत असू द्या. हॉटेलचा पत्ता अन् फोन नंबर जपानीमध्ये ठेवा. बुकिंग ज्याच्या नावावर तेच नाव फॉर्मवर. एअरबीएनबीसारख्या घरात राहणार असाल तर तिथं घेणारं माणूस हवं, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रिसेप्शन असलेलं हॉटेल धरावं. परतीच्या वेळी हॉटेलच्या रिसेप्शनवरूनच एअरपोर्टला पाठवता येतात, पण फ्लाईटच्या दोन दिवस आधी द्या, आम्ही तसंच केलं.

तिसऱ्या दिवशी सव्वादोन तासांत शिंकान्सेननं क्योटो. हॉटेलच्या दारातून आत शिरलो तर रिसेप्शनच्या बाजूला आमच्या दोन्ही बॅगा शेजारी शेजारी उभ्या, कव्हरसकट, चाकं भिंतीकडे. आई आधी रिसेप्शनिस्टकडे गेलीच नाही, सरळ बॅगेकडे, वाकून कव्हरच्या आतून लाल दोरा पाहिला. गाठ जशीच्या तशी. खोलीत गेल्यावर पहिलं काम बरणी काढायचं, टॉवेलात गुंडाळलेली, एक थेंब सांडला नव्हता. मी खालच्या दुकानातून साध्या भाताचे गोळे घेऊन आली, आईनं प्रत्येकाच्या गोळ्यावर लोणच्याची एक एक फोड ठेवली, अन् बाबा म्हणे, "त्या नारिताच्या माणसाले एक फोड द्यायला पायजे होती."