स्थापत्य पदविकेच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझा धाकटा भाऊ दहावीनंतर नाशिकमधील एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर म्हणून काम करत होता. पदविका नसल्यामुळे त्याची बढती अडली होती आणि नोकरी न सोडता 'डिप्लोमा इन सिव्हिल' करता येईल का, याची चौकशी तो करत असताना एका सल्लागार कार्यालयाने त्याला गाठले. परराज्यातील विद्यापीठाचा अभ्यासक्रम, वर्षभरात तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि एकूण खर्च पासष्ट हजार रुपये, असे त्याला सांगण्यात आले. खासगी तंत्रनिकेतनाच्या तीन वर्षांच्या शुल्काशी तुलना करता ही रक्कम त्याला किफायतशीर वाटली.

मिळालेली पावती मी नंतर नीट पाहिली. ती विद्यापीठाच्या नव्हे, सल्लागार कार्यालयाच्या नावाची होती आणि तिच्यावर 'सेवाशुल्क, परत मिळणार नाही' एवढेच छापलेले होते. भिंतीवर जे 'शासनमान्य' प्रमाणपत्र लावले होते, ते आयएसओ ९००१चे होते. हे मानांकन कार्यालयाच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळते, त्याचा अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी काडीचाही संबंध नसतो. शिवाय भावाचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्यांनी 'नोंदणीसाठी' ठेवून घेतला. मूळ कागदपत्रे अशी अडवून ठेवण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने संस्थांना मनाई केलेली आहे.

वर्षभरात एकही प्रात्यक्षिक झाले नाही. टोटल स्टेशन हे जमीन मोजणीचे यंत्र लावणे, लेव्हलिंगची म्हणजे उंचसखलपणाच्या मोजणीची नोंदवही भरणे, काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे घन २८ दिवस पाण्यात ठेवून (क्युअरिंग) दाबयंत्रावर तपासणे, या गोष्टी हाताने केल्याशिवाय स्थापत्याची पदविका म्हणजे नुसता कागद. तरीही गुणपत्रिकेवर प्रात्यक्षिकांचे गुण भरघोस होते. कनिष्ठ अभियंता पदाच्या भरतीत कागदपत्र पडताळणीच्या वेळी हीच पदविका अमान्य ठरली.

अभिमत विद्यापीठांनी परिषदेच्या मान्यतेशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी कठोर निकाल दिला, आणि तरीही असे प्रवेश आजही विकले जातात, याचा मला मनापासून संताप येतो. गिऱ्हाईक म्हणून हेरली जातात ती बहुतेक नोकरी करणारी, घर चालवणारी मुले.

खरे तर स्वस्त आणि अस्सल मार्ग उपलब्ध आहेत. शासकीय तंत्रनिकेतनाचे वार्षिक शुल्क खासगी संस्थेच्या मानाने फारच कमी असते. खासगी संस्थेतही केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेत असल्यास राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. आयटीआयमधून आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. काही मान्यताप्राप्त संस्था नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे वर्गही चालवतात.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेकडे परिषदेचे चालू शैक्षणिक वर्षाचे मान्यतापत्र मागावे आणि त्यात स्थापत्य शाखा व तिच्या जागा नमूद आहेत का, हे स्वतः वाचावे. संस्थेचा सांकेतांक तंत्रशिक्षण संचालनालयाच्या यादीशी ताडून पाहावा. आम्ही पोलिसांत तक्रार नोंदवली आहे. पावती, मोबाइलवरील संदेश आणि बँकेतून रक्कम काढल्याची नोंद हाती असल्यामुळेच ती दाखल होऊ शकली. दाखला अजून परत मिळालेला नाही, म्हणून शाळेकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज केला आहे.