दोन सर्व्हरचं क्लस्टर आणि वॉटर कूलरचा प्लग: दहा महिन्यांनंतर

रत्नागिरीतल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर मी बघतो. दिवाळीनंतर दोन मशीनचं प्रॉक्समॉक्स क्लस्टर बसवून घेतलं, म्हणजे एक सर्व्हर पडला तर त्याचं काम दुसऱ्याने उचलायचं; प्रॉक्समॉक्स हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर. कोण चालू धरायचं हे मतांवर ठरतं, म्हणून तिसऱ्या मताला रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर. बसवतात कसं, ते इथे सांगत नाही. मे महिन्यात चिडून हे लिहायला घेतलं होतं. अर्धवट राहिलं ते बरंच झालं, कारण तेव्हा मी सगळ्यालाच शून्य मार्क दिले असते.

झालं असं. पहिल्या वळिवाला लाइट गेली. सर्व्हर यूपीएसवर, मोठा स्विच यूपीएसवर, काउंटरचे पीसी इन्व्हर्टरवर. मी निवांत. साधारण मिनिटभराने दोन्ही सर्व्हर एकदम रीबूट! चढले, पण त्यांच्या आत चालणारा एकही व्हीएम (आभासी कॉम्प्युटर) सुरू होईना. काउंटरवर रांग, आणि मॅनेजरसाहेब माझ्याकडे बघतायत.

कारण सापडायला तास गेला. दोन सर्व्हर आणि पाय एकमेकांशी बोलायचे ते एका वेगळ्या पाच पोर्टच्या स्विचवरून. तो स्विच व्हेंडरने पॅसेजमध्ये वॉटर कूलरशेजारच्या साध्या प्लगात खोचलेला. त्याला ना यूपीएस, ना इन्व्हर्टर. तो मेला आणि प्रत्येक सर्व्हरला वाटलं, आपण एकटेच उरलो. तीन मतांपैकी हातात एकच मत, म्हणजे कोरम (बहुमत) नाही. कोरम नसला की एचए (काम आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची सोय) लावलेला सर्व्हर वॉचडॉग या पहारेकरी टायमरकडून स्वतःलाच रीबूट करून घेतो. दोघांनी तेच केलं.

आमच्या वार्षिक सभेला कोरम नसला तर अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी भरते आणि मग कोरमची अट नसते. क्लस्टरची मतं मोजणाऱ्या कोरोसिंकला ही सोय मंजूर नाही. तेव्हा राग आला, आता पटतंय. कोरम नसताना दोघांनीही तोच व्हीएम चालू केला असता तर एकाच खात्याच्या दोन खतावण्या झाल्या असत्या. त्यापेक्षा तासभर रांग परवडली.

व्हेंडरला फोन केला. म्हणाला, 'आंबा घाट उतरून यायचं म्हणजे व्हिजिट चार्ज लागेल.' प्लग चुकीचा लावायला आला होतास तेव्हा घाट नव्हता का?

शेवटी मीच केलं. दोन सर्व्हरमध्ये सरळ १४० रुपयांची पॅच कॉर्ड टाकली, ती पहिली लिंक. दुसरी लिंक ऑफिसच्या लॅनवरून. पाय मोठ्या स्विचवर हलवला, पाच पोर्टचा डबा काढूनच टाकला. दोन लिंक कशाला, असं कोणी विचारेल. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत स्वस्त कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. एका केबलवर भरवसा ठेवणारा घाटावरचा असावा.

मग जुलै. ऐन पावसात एका सर्व्हरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) जळाला. मी बाजारात बांगडे घेत होतो. पोचेपर्यंत व्हीएम दुसऱ्यावर चढूनही झाला होता. क्लार्क म्हणाली, 'चार-पाच मिनिटं अडकलं होतं, मग आपोआप आलं.' त्या दिवशी या क्लस्टरला मनातल्या मनात नमस्कार केला.

फक्त एक गोम. 'डाउनटाइम शून्य' हे व्हेंडरचं बोलणं थाप होतं. दुसरा सर्व्हर आधी पहिला मेल्याची नीट खात्री करतो, मग व्हीएम नव्याने बूट होतो. शिवाय आमचं स्टोरेज सामायिक नाही, झेडएफएस या फाइल सिस्टिमची नक्कल दर १५ मिनिटांनी दुसऱ्या सर्व्हरवर जायची. शेवटची नक्कल बारा मिनिटांपूर्वीची. तेवढ्यात दोन पिग्मी एजंट मशीनमधला डेटा उतरवून गेलेले, सात व्हाउचर पडलेले. मशीनमध्ये डेटा शिल्लक होता म्हणून वाचलो, व्हाउचर मात्र पुन्हा मारावी लागली. १५ मिनिटं हे मूळ सेटिंग. मी बदललं नव्हतं, चूक माझी. आता दर मिनिटाला जाते, आणि एवढ्याशा डेटाला मशीनवर काही ताण पडत नाही.

बॅकअप वेगळाच घ्या, हे सांगायला नको. इकडे पुसलेली नोंद नकलेतही पुसली जाते. आमचा बॅकअप रोज रात्री दुसऱ्या गावच्या शाखेत जातो. चिपळूणचा २०२१ चा पूर पाहिल्यावर एका इमारतीवर विसंबायची छाती नाही.

गणपतीत चाकरमान्यांची पैसे काढायची झुंबड बिनबोभाट निघाली. सॉफ्टवेअर फुकट, सबस्क्रिप्शनही घेतलेलं नाही, लॉगिनला तशी पाटी येते ती ओके करून पुढे जायचं.

व्हेंडरचं राहिलेलं बिल अजून टेबलावर आहे. पॅच कॉर्डचे १४० वजा करून देणार आहे.