जिम लावू, घरीच करू की नुसतं चालू? मुलं लहान आणि खिसा तंग असणाऱ्यांसाठी

आधीच सांगते, मी तिन्ही करून बघितलंय. वर्षभराचं जिम लावलं आणि जेमतेम अडीच महिने गेले, मग घरी चटई टाकून सुरू केलं, आणि चालणं तर अजूनही चालूच आहे. घरात दोन मुलं, एक सहा वर्षांचं, एक अडीच, आणि महिनाअखेरीला हात आखडता. खालचं सगळं त्याच हिशोबातून लिहिलंय, ज्यांच्याकडे मुलं सांभाळायला माणूस आणि खर्चायला पैसा दोन्ही आहे त्यांनी खुशाल जिम लावावं.

पैशाचं आधी बघू. जिमची फी दिसते तेवढीच नसते, जाण्यायेण्याचा खर्च आला, वेगळे शूज आले आणि तेवढा वेळ मुलांना कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न आला, तो फुकट सुटत असेल तर तुम्ही नशीबवान. वर्षाचं एकदम भरलं की महिना स्वस्त पडतो असं काउंटरवर सांगतात, आणि ते खरंही आहे, फक्त तुम्ही वर्षभर गेलात तर. मी शेवटी भरलेली रक्कम भागिले प्रत्यक्ष गेलेले दिवस असा भागाकार केला आणि तो आकडा नवऱ्याला आजतागायत सांगितलेला नाही. लावायचंच असेल तर महिन्याचं लावा, महाग पडलं तरी. आणि मूल आजारी पडलं तर मेंबरशिप थांबवता येते का हे पैसे भरायच्या आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

घरच्या व्यायामाला चटई आणि एक रबराचा रेझिस्टन्स बँड, बस. वजन हवं तर एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे पाच लिटरचा कॅन भरला की पाच किलोचं डंबेल तयार, आणि सॅकमधे पुस्तकं कोंबली की आणखी जड. चालायला फक्त बरे शूज. पैसे देऊन घ्यायची ॲप्स मी या तुलनेत धरलीच नाहीयेत, फुकटचे व्हिडिओ पुरतात, आणि सबस्क्रिप्शन बंद करायचं विसरलात की पुढचे पैसे आपोआप कटतात.

आता वेळ, आणि माझ्या मते खरा निकाल इथेच लागतो. जिममधली 45 मिनिटं म्हणजे घरातून निघून परत येईपर्यंत दीड तास. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत मोठ्या माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम (म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम) किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा, आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा असं सांगितलंय. पण आईबापांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, आधीच्या शिफारशीत एका वेळी किमान 10 मिनिटं तरी सलग हवीत अशी अट होती, ती 2020 मधे काढून टाकली. म्हणजे कुकर लावून केलेली सात मिनिटं आणि मुलं झोपल्यावरची आठ मिनिटं, दोन्ही धरायची. जिमला असे तुकडे करता येत नाहीत, घरी येतात, चालण्यात तर सहज येतात. फक्त एक, अडीच वर्षांच्या पोराला बोट धरून नेलंत तर ते चालणं व्यायामात धरू नका, त्याला वाटेतला प्रत्येक दगड उचलून बघायचा असतो. बाबागाडीत बसवून ढकला, नाहीतर मोठीचा क्लास सुरू असतो तेवढा वेळ बाहेर बाकावर मोबाईल बघण्याऐवजी फेऱ्या मारा.

दहा हजार पावलांचं टेन्शन घेऊ नका. तो आकडा 1965 मधे जपानमधे विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावावरून आला, 'मानपोकेई' म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नंतर 2019 मधे वयस्कर बायकांवर एक अभ्यास झाला, त्यात रोज साधारण 4,400 पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं आणि 7,500 च्या आसपास पुढचा फायदा थांबला.

वजन उतरवण्यात मात्र तिघांचाही परफॉर्मन्स सारखाच, म्हणजे यथातथाच. 70 किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चाललं तर साधारण 120 कॅलरी जातात, आणि एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी, करा भागाकार, एका किलोसाठी असे 64 अर्धे तास. पळालात तर किलोमीटरला 70 च्या आसपास, ते लवकर होतं पण गुडघ्यांना आधी सवय करावी लागते. जिममधे वजनं उचलली तरी फार वेगळं चित्र नाही, कारण निम्मा वेळ दोन सेटच्या (म्हणजे सलग दहाबारा वेळा उचलण्याच्या एकेका फेरीच्या) मधे बसण्यात जातो. वजन उतरतं ते ताटातून, आणि त्याला फी नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर घोळ मुलांच्या ताटात होता, टाकवत नाही म्हणून उभ्या उभ्या ओट्याशीच दोन घास याचे, तीन तिचे, आणि मग स्वतःचं जेवण वेगळं. आता उरलेलं डब्यात जातं आणि तेच माझं पुढचं जेवण होतं. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर झालं. पहिल्या आठवड्यात झटकन दोन किलो गेले तर हुरळून जाऊ नका, त्यात बरंचसं पाणी असतं.

झोपेचंही इथेच सांगते. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मधे छापलेल्या एका छोट्या प्रयोगात तीच माणसं, तेवढंच कमी खाणं, फक्त एकदा झोपायला साडेआठ तास आणि एकदा साडेपाच, असं चौदा चौदा दिवस केलं. वजन जवळपास सारखंच उतरलं पण कमी झोपेत त्यातली चरबी 55 टक्क्यांनी कमी गेली, स्नायू जास्त गेले. त्यामुळे बाळ रात्री तीनदा उठतंय आणि तुम्ही पहाटे पाचचं जिम लावताय तर जरा थांबा.

ताकदीत जिम जिंकतं, सरळ सरळ. वजन थोडं थोडं वाढवत नेणं तिथे सोपं आहे आणि पाठीचे व्यायाम घरी नीट होत नाहीत. चालण्याने हे काम होतच नाही, आणि नुसतं कमी खाऊन नि चालून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. घरी मधला मार्ग निघतो, पुशअप आधी भिंतीला, मग टेबलाला, मग जमिनीवर, त्यात स्क्वॉट आणि बँडने ओढायचे प्रकार. बँड दाराला अडकवणार असाल तर ओढताना दार उघडणार नाही, घट्ट बंदच होईल अशा बाजूला उभे राहा, मी उलट्या बाजूला होते आणि दार उघडून बँड सटकन गालावर बसला. प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवायचं) करताना धाकटा पाठीवर येऊन बसतो, चौदा किलो, फुकटचं वाढीव वजन.

नुकतीच डिलिव्हरी झालेली असेल तर क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) आणि दोरीउड्या लगेच नकोत. पोटाच्या स्नायूंमधे फट राहिलेली असू शकते, उड्या मारताना लघवी गळत असेल तर तीही थांबायची खूण आहे, आधी डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा.

मग मी काय निवडलं, तर रोजचं चालणं तुकड्यांत आणि दोन दिवस घरी बँड. कारण मुलाला ताप आला त्या आठवड्यातही यातलं थोडंफार झालं, जिमचं मात्र शून्य झालं होतं. जिम कोणी लावावं? ज्यांच्या कामाच्या वाटेवरच आहे, मुलं सांभाळणारं माणूस ठरलेल्या वेळी नक्की येतं, आणि अजून एक, ज्यांच्या घरात पाच मिनिटंसुद्धा कोणी आई-आई किंवा बाबा-बाबा केल्याशिवाय जात नाहीत. तेवढी शांतता पैसे देऊन घेण्यासारखी आहे, मी नाव ठेवणार नाही.

ठरतच नसेल तर आधी सहा आठवडे घरी करा, आठवड्याला दोनदा, म्हणजे बारा वेळा. कागदावर बारा चौकोन आखून फ्रीजवर लावा आणि नऊच्या वर भरले तरच जिमची चौकशी करा. माझ्या कागदावर धाकट्याने शेवटची ओळ हिरव्या खडूने गिरगटून ठेवलीय, पण खालच्या फुल्या दिसतात अजून, आठ आहेत.